व्हिडिओ आधी काढ, चहा नंतर ठेव

बंधुराज,

मी प्रयोगशाळेत निघाले आहे. उठल्याबरोबर तुम्ही पोरांनी काल टाकलेला तो व्हिडिओ काढून टाक.

गावच्या नदीत कारखाना विष सोडतो, हे खरेच आहे. तुम्ही सुट्टीत गावाहून आणलेला पाण्याचा नमुना मीच तपासला. आकडे माझ्या नावासकट छापा, माझी हरकत नाही. पण आपण आता परदेशी नागरिक, उद्या गावी जायचा व्हिसा नाकारतील, या भीतीने तुम्ही स्वतःचे चेहरे धूसर केलेत आणि पाण्याची बाटली भरून देणाऱ्या मावशीचा चेहरा मात्र लख्ख ठेवलात. "तिचे डोळे बोलतात," म्हणे! आज तिकडे कारखान्याची माणसे तिला दारात येऊन धमकावून गेली. तुझ्या दारात कोण येणार? पार्सलवाला.

"आपण दूर आहोत, म्हणून निर्भयपणे बोलू शकतो," हे तुझे आवडते वाक्य. निर्भय कोण आणि कोणाच्या जिवावर, एवढे फक्त तपासून पाहा.

मावशी सध्या शेजारणीकडे लपली आहे. तिला फोन करू नकोस. तिने मला बजावले, "पोराला रागावू नकोस गं, माझ्यासाठीच धडपडतोय तो." तिचा शब्द मोडवत नाही, म्हणून तुला झोपेतून उठवले नाही.

ताई