मामाच्या गाडीचं ऑईल

३ फेब्रुवारी, सकाळी सव्वाअकरा
आजपासून पहाटे पाचला उठायचं होतं. आता उद्यापासून. ऑटोमोबाईल टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला माझ्याइतकी जाण कोणालाच नाही, फक्त विद्यापीठाला हे कळायचं बाकी आहे. महिनाअखेर मोठ्या सर्व्हिस सेंटरची मुलाखत. जागा एकच. सहा महिने इंटर्नशिप, मग तिथेच नोकरी. बाबांना सांगितलं, जागा माझीच समजा. बाबा म्हणाले, आधी आंघोळ कर.

९ फेब्रुवारी
प्रॅक्टिकल. इंजिन खोलून परत जोडणे. सरांचा नियम: काढलेला प्रत्येक नट ट्रेमध्ये, आणि शेवटी ट्रे रिकामा. माझ्या ट्रेमध्ये दोन नट उरले. सरांना समजावलं, कंपनी थोडे जास्तीचे देते. सर म्हणाले, अशा गाडीत पहिला तूच बस.
माझी पार्टनर ढापणी (जाड भिंगांचा चष्मा) हिने सगळं पुन्हा खोललं आणि जोडलं. तिला बारीकसारीक गोष्टींचं फार वेड. तीही मुलाखतीला येणार आहे. बिचारी.

१५ फेब्रुवारी
पुस्तक उघडलं. पान ४१. पंख्याच्या वाऱ्याने पान ६० आलं. मधली झाली असं धरलं.
शेवटी अनुभवच महत्त्वाचा. मामाला फोन केला, तुझ्या गाडीची सर्व्हिसिंग मी करतो. मामा म्हणाला, नको रे बाबा. मागून मामी म्हणाली, करू दे की, शिकतोय पोर. मामीला माणसांची पारख आहे.

१८ फेब्रुवारी, रविवार
ऑईल बदललं! गाडीखाली दोन नट दिसले. ढापणीला विचारावं असं क्षणभर वाटलं, पण स्वाभिमान आडवा आला. त्यातल्या त्यात सुबक नट निवडून खोलला. निघालेलं ऑईल इतकं स्वच्छ, की मामा उगाच खर्च करतो असं वाटलं. वरून इंजिनात चार लिटर नवं ओतलं. मामाने पाठ थोपटली.

२१ फेब्रुवारी
मामाचा फोन. गाडी धूर सोडते आणि गिअर टाकला की किंचाळते. सांगितलं, नवं ऑईल आहे, रुळायला वेळ लागतो.

२३ फेब्रुवारी
गाडी भर चौकात बंद. मामा-मामींनी ढकलत कडेला घेतली. मग टोचन करून नेली. मी मामाला मेसेज केला: कंपनीचा डिफेक्ट, चांगला भांड.

२८ फेब्रुवारी, दुपार
मुलाखत. फोरमननी आम्हा दोघांना थेट मागच्या शेडमध्ये नेलं. एका गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, काय बिघडलंय ते दहा मिनिटांत सांगा.
गाडी मामाची होती.
ढापणी आधी. तिने सहा शक्यता सांगितल्या, कुठली आधी तपासायची त्या क्रमासकट. तेवढ्यात वेळ संपला. मग मी. खाली वाकलो. त्या सुबक नटाच्या वर काय आहे ते आयुष्यात प्रथमच नीट पाहिलं. गिअरबॉक्स.
तो नट कोणी खोलला, ते फक्त मला माहीत होतं. पण तोंड चालू झालं होतं. म्हटलं, कोणीतरी इंजिनाचं समजून गिअरबॉक्सचं ऑईल सोडलंय. गिअरबॉक्स कोरडा, आणि इंजिनात जुन्यावर नवं, दुप्पट.
फोरमन थक्क. आमच्या माणसाला दोन दिवस लागले, म्हणाले, तुम्हाला एका मिनिटात कसं कळलं? म्हटलं, अनुभव.
जागा मला! ढापणीने मनापासून हात मिळवला. का कोण जाणे, तिच्याकडे बघवेना.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ
फॉर्म भरत होतो, तेवढ्यात मामा दुरुस्त झालेली गाडी न्यायला आला. मला पाहून हरखला. फोरमनना अभिमानाने म्हणाला, हा माझा भाचा बरं का, गाडीची सर्व्हिसिंग यानेच केली होती.
फोरमननी माझ्यासमोरचा फॉर्म हळूच ओढून घेतला आणि कोरा फॉर्म निघायच्या तयारीत असलेल्या ढापणीला दिला. मग माझ्या कानाशी म्हणाले, नशीब, गिअरबॉक्स वाचला. मामांना मी काही बोललेलो नाही. ते तुम्हीच सांगा.
वाटेत सांगितलं. सगळं. मामा इतका हसला की डोळे पुसावे लागले. मग गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, उतर.
घर चार किलोमीटर. गाडी निघून गेली. आवाज अगदी छान येत होता.