मार्थामावशीला आलेली चिठ्ठी

रविवार, संध्याकाळ. अकोला.

मागच्या रविवारी आमच्या घरी प्रार्थना चालू असताना समोरच्या दिलीपने दगड मारला. आईच्या कपाळाला तीन टाके पडले. पुन्हा जमलात तर घर जाळीन, म्हणाला.

आज पुन्हा जमलो. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, घाबरू नका, देवावर भरवसा ठेवा. मी ठेवला. प्रार्थनेनंतर प्रत्येकजण देवाकडे मागणं लिहितो त्या चिठ्ठीवर स्वतःचं नाव न घालता नीट अक्षरात लिहिलं, 'प्रभू, दिलीपचे दोन्ही हात मोड.'

चिठ्ठ्या डब्यात टाकतात. प्रत्येकाने एक उचलायची आणि आठवडाभर त्या विनंतीसाठी प्रार्थना करायची. माझी नेमकी प्रार्थनेला येणाऱ्या मार्थामावशीला आली. तिला वाचता येत नाही. ती माझ्याकडेच आली.

"वाच बाबू, तुयं वाचन साफ हाय."

दुसरंच काही वाचता आलं असतं. नाही वाचलं. का? तिने ऐकावं असं वाटत होतं का?

"दोन्ही हात?" मावशी म्हणाली. "मंग त्याले जेवू कोण घालन? बायको तं माहेरी गेली त्याची."

"उपाशी राहू दे."

"बरं. मले आली म्हणजे कराच लागन." तिने चिठ्ठी पदरात बांधली.

मावशी मागते ते मिळतं, असं सगळे म्हणतात. मिळू दे. माझा राग खरा आहे, आईचे टाकेही खरे आहेत.

आत्ता खिडकीतून दिलीप दिसतोय. कणीक मळतोय. दोन्ही हातांनी.

उद्या मावशीला सांगणार, डावा सोडून दे. दगड उजव्याने मारला होता.