टबाभोवतीची पॅनेलं

३ मार्च
पुन्हा फाटलं! टब आणि भिंतीवरचं प्लास्टिकचं पॅनेल यांच्यामधली फट बुजवणारं सिलिकॉन. टब पुसून, कोरडा ठणठणीत करून किती जपून भरलं होतं मी.

आईला म्हटलं, आज अंघोळ राहू दे? "राहू दे की. मी काय लग्नाला निघालेय?" पण दुपारभर कण्हत होती. गरम पाण्यात बसली की तिचे आखडलेले गुडघे मोकळे होतात. तेवढाच काय तो आराम.

५ मार्च
खालच्या काकू आल्या. त्यांच्या छताला ओल आलीय. बोलल्या गोडच, म्हणून जास्त लाज वाटली. मागोमाग घरमालकाचा फोन — "गळती थांबली नाही तर टबच काढतो. शॉवर घ्या." आई शॉवरखाली उभी कशी राहणार? त्यांना काय त्याचं!

६ मार्च
सिलिकॉन. परत.

९ मार्च
आज आईची पाठ चोळताना दिसलं. ती टबात बसलेली असली की फट उघडते. पाणी सोडून दिलं, तिला बाहेर काढलं की मिटते! म्हणजे टब वजनाने खाली दबतो, आणि मी शहाणी दरवेळी रिकाम्या टबाला सिलिकॉन भरतेय. भरल्या टबाला भरायला हवं होतं.

आईला सांगितलं. "अक्कल कुठे चरायला गेली होती तुझी?" हसली. हसताना कळ आली तिला.

१२ मार्च
उशीरच झाला. प्लंबरने पॅनेल ओढलं तर हातातच आलं. मागची भिंत चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी, काळी बुरशी. सगळी पॅनेलं नवी घालायची. भिंत वाळेपर्यंत टब बंद. किती दिवस? "भिंतीला विचारा," म्हणाला.

१८ मार्च
वाळत नाही. पंखा लावून ठेवलाय. आईला ओल्या फडक्याने पुसते. ती हल्ली उठायचंच टाळते. मी रागावले, मग मलाच वाईट वाटलं. काय करू, काही सुचत नाही.

२४ मार्च
बसली पॅनेलं! पांढरीशुभ्र. टब काठोकाठ भरला आणि मग प्लंबरने सांधा भरला. उद्यापर्यंत टबातलं पाणी काढायचं नाही. आई अंथरुणातून ओरडते, "झालं का तुझं तळं?"

उद्या गं, उद्या.

२५ मार्च
टबातलं कालचं गार पाणी काढून गरम भरलं. आईला धरून आणलं. पाय टबाच्या कडेवरून जाईना. मी उचलायला गेले तर किंचाळली. पुन्हा करून बघितलं. नाहीच. आता कधीच नाही, हे दोघींनाही कळलं.

स्टुलावर टेकली. म्हणाली, "पाणी वाया नको घालवू. तू बस. मी बघते."

बसले. खूप रडले.

खालून काकूंची हाक — "थेंबसुद्धा नाही गं आज! शाबास!"