नववी ब मध्ये मी हसले

सोम. ७ जुलै
परदेशातल्या कुठल्याशा शाळेत एका मुलानं गोळ्या झाडल्या, ती बातमी दोन दिवस टीव्हीवर चालू आहे. मुख्याध्यापकांनी सांगितलं, मोठ्या वर्गांत चर्चा घ्या, मुलं असं का करतात. माझा मराठीचा तास त्यात गेला. नववी ब.
फळ्यावर कारणं लिहीत गेले. मोबाइल. गेम. घरात बंदूक असणं. आईबापांचं लक्ष नसणं. हर्षल पहिल्या बाकावरून दर मिनिटाला नवं कारण देत होता. मग शेवटच्या बाकावरची मनीषा उभी राहिली. शाळा सुरू झाल्यापासून वर्गात एक शब्द बोललेली नाही ती.
"त्याले सगळा रोज हासत व्हतीन, म्हनीसन."
"त्याले" ऐकून वर्गात हशा पिकला. मीही हसले. मोठ्यानं नाही, पण ती माझ्याकडेच बघत होती. वर म्हटलं, "शुद्ध भाषेत सांग बघू." ती खाली बसली. तिचं कारण, त्याला सगळे रोज हसत असतील म्हणून, फळ्यावर लिहायचं राहिलं.
याच विषयावर निबंध लिहून आणायला सांगितलाय.

मंगळ. ८ जुलै
स्टाफरूममध्ये कालचं सांगितलं, अहिराणी हेल काढून. सगळे खूप हसले. एकीनं परत करायला लावलं.
जेवताना प्र.ला पण सांगितलं. तो बँकेतून वैतागून आला होता, हसेल वाटलं. म्हणाला, "मग बरोबरच बोलली की ती." नवऱ्यानं असं बोलल्यावर राग येतो तो आला. वाद नको म्हणून भांडी उचलली.

गुरु. १० जुलै
निबंध आले. बेचाळीस. बहुतेकांनी एकमेकांचे उतरवलेत.
मनीषाच्या वहीत एका जागी: "त्या मुलाला काय वाटत असेल ते मला माहीत आहे. कधीकधी मलाही वाटतं, सगळे एकदम गप्प झाले पाहिजेत."
 लाल पेनानं अधोरेखित केलं. घंटा झाली होती, पुढचं वाचलं नाही. वही तशीच मुख्याध्यापकांकडे नेली. ते म्हणाले, "बरं झालं मॅडम, वेळेवर आणलंत."
बरं झालं असंच मलाही वाटलं. खरंच वाटलं.

शुक्र. ११ जुलै
लिहवत नाही, पण लिहिते.
पहिल्या तासाला मुख्याध्यापक, शिपाई आणि मी. वर्गासमोर मनीषाचं दप्तर टेबलावर उलटं केलं. वह्या, डबा, कंपास. आणि रुमालात गुंडाळलेली छोटी कात्री. 
"हे काय आहे?" मुख्याध्यापकांनी विचारलं.
ती माझ्याकडे बघत राहिली. कारण मला माहीत होतं. गृहपाठ नाही म्हणून जूनमध्ये मी रागावले, तेव्हा एकटीला गाठून सांगितलं होतं तिनं. शाळा सुटल्यावर ती सरळ पर्वत पाटिया भागात एका मावशीकडे जाते, साड्यांचे सुटे धागे कापायला. कात्री ज्याची त्यानं न्यायची. तेव्हा मी म्हणाले होते, "हुशार आहेस."
एका वाक्याचं काम होतं. मी हजेरीपत्रक नीट करत राहिले.
दुपारी वडील आले. पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवायला आहेत, पाळी अर्धी टाकून आले होते. नखांत निळा रंग. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.
"मनी पोरनं काय चुकनं, साहेब?"
साहेबांनी वही आणि कात्री दाखवली. पंधरा दिवस घरी ठेवा, मग बघू, म्हणाले. त्यांनी सही केली. जाताना मला नमस्कार केला.

सोम. १४ जुलै
शेवटच्या बाकावर कुणी बसत नाही. मुलं त्याला "शूटरची जागा" म्हणतात. मी ओरडले. हर्षल त्याच्या गुजराती वळणाच्या मराठीत शांतपणे म्हणाला, "पण मेडम, झडती तर तुम्हीच घेतली ने?"
उद्धटपणा नव्हता त्यात. खरंच विचारत होता.

बुध. १६ जुलै
पालकसभा. मला विषय दिला होता "मुलं हिंसक का होतात?" दहा मिनिटं बोलले. फळ्यावरचीच कारणं, त्याच क्रमानं. मोबाइलला टाळ्या पडल्या. एका आईनं भाषणाची झेरॉक्स मागितली.
मनीषाचे आईवडील नव्हते. असते तर काय बोलले असते? हेच बोलले असते.
घरी आल्यावर प्र.नं विचारलं, कसं झालं. छान, म्हटलं. आणि मग त्याला सगळं सांगितलं, कात्रीचंही. त्यानं "तुला माहीत होतं?" एवढंच विचारलं. हो म्हणाले. त्यानं टीव्ही लावला, पण आवाज बंदच ठेवला.

गुरु. १७ जुलै
वही मागून आणली. आठवड्यानंतर पहिल्यांदा निबंध पुरा वाचला. माझ्या लाल रेघेच्या पुढे असं आहे:
"म्हणजे मला माझं वाक्य पूर्ण बोलता येईल. पण मेलेला माणूस ऐकत नाही. त्या मुलाचं ऐकायला मग कोण राहिलं असेल? म्हणून त्याचं चुकलंच. त्याला कोणीतरी आधी विचारायला हवं होतं."
एवढंच. वेलांटी दोन ठिकाणी चुकली आहे.
बावीस वर्षं शिकवतेय. कुठल्याही मुलाचा निबंध अर्धा वाचून ठेवला नव्हता, असं म्हणता येईल का? नाही येणार बहुतेक.

शनि. १९ जुलै
गेले तिच्या घरी, पर्वत पाटियालाच. एक खोली, अर्धी मावशीकडून आणलेल्या साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेली. मनीषा माझ्याकडे पाठ करून धागे कापत होती, कुणाची तरी जुनी कात्री घेऊन. तिची शाळेच्या ड्रॉवरमध्ये आहे.
आईनं गठ्ठा सरकवून जागा केली. "बठा मॅडम." चहा टाकला. मग म्हणाली, "आम्हले वाचता येत नही. तिनी काय लिखेल व्हतं, तेवढं वाची दाखाडा."
वही पिशवीतच होती. वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. 
आईनं विचारलं, "इतलंच? मंग हाई चांगलं शे ना?"
"चांगलं आहे," म्हटलं. आणि मग बोलले. की मी एकच ओळ दाखवली. की कात्री कशाची ते मला ठाऊक होतं आणि मी तोंड उघडलं नाही. की त्या दिवशी वर्गात मी पण हसले.
 चहाचा कप समोर होता, घ्या असं कुणी म्हणालं नाही. मीही घेतला नाही.
मनीषाचे हात थांबले. वळली नाही. शब्द न् शब्द जुळवत, पुस्तकातल्यासारख्या मराठीत बोलली, "हे वर्गाला सांगा."
"तू ये सोमवारी. तुझ्यासमोर सांगते. सरांशी मी बोलेन."
"नको. मी नसताना सांगा. सांगितलं की नाही ते मला कळेल."
निघताना तिच्या आईला नमस्कार केला. तिचं लक्ष नव्हतं, किंवा तिनं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

रवि. २० जुलै
वर्गाला काय सांगायचं ते चार वेळा लिहिलं. चारही वेळा त्यात "गैरसमज" हा शब्द आला. चारही कागद फाडले.
गैरसमज नव्हता.

सोम. २१ जुलै
आधी मुख्याध्यापकांना सांगितलं. कात्री परत मागितली. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही भावनेच्या भरात आहात. ट्रस्टींना काय सांगू मी? आणि वर्गात काही बोलू नका." कात्री दिली नाही. मी तशीच वर्गात गेले.
उभ्यानंच सांगितलं, कागदाशिवाय. ती काय बोलली होती, मी का हसले, कात्री कशाची, मला कधीपासून माहीत. तिचा निबंध पुरा वाचला. तिचं कारण फळ्यावर लिहिलं, तिच्याच शब्दांत. या वेळी "त्याले"वर कुणी हसलं नाही. मी टेबलाला धरून होते, ते मुलांना दिसलं असणार.
 मग हर्षल उभा राहिला. "मेडम, आम्ही पण हसलो होतो. आम्ही कोणाला सांगायचं?"
  खाली बस, म्हटलं.
पर्वत पाटियाकडे कोण राहतं, असं विचारलं. दोन मुलींनी हात वर केले. मनीषाला सांगा, मॅडमनी कबूल केलं, असं म्हणणार होते. तेवढ्यात मनात आलं, हीसुद्धा माझ्याच सोयीची गोष्ट. हात खाली करायला सांगितले, धडा काढला.
शेवटच्या तासाला शिपाई चिठ्ठी घेऊन आला. मनाई असताना वर्गात बोलल्याबद्दल शुक्रवारपर्यंत लेखी खुलासा द्यायचा आहे.
शाळा सुटली तेव्हा त्या दोघी फाटकापाशी डोकी जवळ करून काहीतरी बोलत होत्या. मला पाहून गप्प झाल्या. मी रस्ता ओलांडून पलीकडून गेले.
मनीषाचे पंधरा दिवस शनिवारी संपतात.