शनिवारच्या क्लबला पुन्हा हॉल देण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
मैत्रबंध मराठी मंडळ, स्लाऊ (इंग्लंड)

विषय: लॅटिन अमेरिकन कुटुंबांच्या व्यसनप्रतिबंध क्लबवरील हॉलबंदी मागे घेणे.
संदर्भ: क्लबला दिलेले मंडळाचे दि. ३ मार्च २०२५ चे पत्र.

महोदय,

मी, मंडळाची चिटणीस व निवृत्त नर्स, हा अर्ज किळस आवरून लिहीत आहे.

१. कार पार्कात नशेसाठी फुग्यातून ओढतात त्या लाफिंग गॅसची रिकामी नळकांडी आणि फुगे सापडले म्हणून कार्यकारिणीने क्लबला हॉल बंद केला. चौकशी शून्य. "आपली मुलं ए-लेव्हल्सचा अभ्यास करतायत, दे डोन्ट डू दिस," असे खजिनदार म्हणाले आणि ठराव मंजूर झाला. हॉलमध्ये धूप फिरवावा, असा उपठरावही झाला. मग चहा झाला.

२. ते केशरी फुगे आपल्याच गणेशोत्सवाच्या सजावटीच्या कपाटातले होते. त्याची किल्ली फक्त आपल्या युवा समितीकडे असते. हे बैठकीत सर्वांना ठाऊक होते, पण कोणी ब्र काढला नाही.

३. क्लबमध्ये आईबाप आणि मुले एकाच गोलात बसतात. कोणी काय देऊ केले, आपण काय ओढले, हे मुलांनी सांगायचे आणि आईबापांनी न ओरडता ऐकायचे, एवढाच त्यांचा उपाय आहे. उपाध्यक्षांच्या मते ही घरची लक्तरे वेशीवर टांगणे होय. आपण ती लॉफ्टमध्ये ठेवतो.

४. दि. १३ फेब्रुवारीला ढोलाच्या सरावाच्या वेळी एक मुलगी गॅस ओढून हॉलमागे कोसळली. क्लबच्या मारिसोलबाई खुर्च्या ठेवायला आल्या होत्या. त्यांनी तिला कुशीवर वळवले, अँब्युलन्स येईपर्यंत तिचा हात धरला आणि आजवर तिचे नाव कोणाला सांगितले नाही. ती माझी नात उर्वी. तिला चक्कर आली, असे मीच आपणा सर्वांना सांगितले होते.

५. पुढचे तीन शनिवार उर्वी त्या गोलात बसली, शेजारी मी. ती बोलू लागली होती. त्यानंतरच्या सोमवारी क्लब बंद करणाऱ्या पत्रावर मी सही केली. लोकांना कळेल, या एकाच भीतीने. मला आपणा सर्वांची शिसारी येते, आणि स्वतःची सर्वात जास्त.

सबब, ते पत्र मागे घ्यावे आणि हा अर्ज सर्वसाधारण सभेत नावांसकट वाचावा.

क्लब कोणाच्या सहीने बंद झाला, हे उर्वीला अजून ठाऊक नाही. तिला मराठी वाचता येत नाही. म्हणून आपल्याकडे देण्यापूर्वी हा अर्ज आज मी तिला वाचून दाखवणार आहे.

आपल्यातलीच एक,
सुनीती मोहन रेगे
दि. १० मार्च २०२५

सोबत: माझ्या सहीच्या पत्राची प्रत.