तिसऱ्या प्लगवरची रेघ

६ ऑक्टोबर, गुरुवार

हिल्केने आज मला गॅरेजमधून घालवून दिलं. माझ्याच गॅरेजमधून! पोटच्या पोरीने!

नर्स पोपिंगा बाईंची निळी गाडी सर्व्हिसिंगला आली होती. ऑइल, फिल्टर, चार नवे प्लग — काही विशेष नाही. मी एवढंच म्हणालो, प्लग आधी हाताने फिरव, मग पाना लाव. तर म्हणते, "पपा, बावीस वर्षं करतेय मी हे. तू घरी जा, चहा घे." बाईंच्या देखत. बाई हसल्या.

चार नोव्हेंबरला नोटरीकडे जायचंय. एक सही, की माझं एक्केचाळीस वर्षांचं गॅरेज तिच्या नावावर. दारात थांबून मी म्हणालो, "तोवर तुझ्या हातची एक जरी गाडी परत आली ना, तर सही विसर."

"नाही येणार," म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही.

७ ऑक्टोबर

येईल.

१० ऑक्टोबर, सोमवार

केलं!

तेवीस वर्षं मी मेकॅनिकांच्या परीक्षा घेतल्या. चांगल्या गाडीत आम्ही मुद्दाम बिघाड करून ठेवायचो आणि उमेदवाराने तो चाळीस मिनिटांत शोधायचा. बाकीचे परीक्षक कुठेतरी वायर सैल करून ठेवायचे — पोरखेळ. माझी खासियत म्हणजे पेन्सिल. साधी शाळेतली. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ ओढायची, बस्स. शिशातून वीज वाहते. ठिणगी आत पडायची ती बाहेरच्या बाहेर रेघेवरून पळून जाते आणि इंजिन मिसिंग मारायला लागतं. दाढीवाले बाप्ये रडलेत माझ्यासमोर. एक तर बेसिनमध्ये ओकला होता. माझ्या मनाला कधी काही लागलं नाही. गाडी रस्त्यात दया करते का?

पोपिंगा बाई चार दिवस रजेवर, गाडी अंगणातच उभी होती. दुपारी हिल्के सामान आणायला गेली. तिसरा प्लग काढला, रेघ ओढली, परत बसवला. आठ मिनिटं. हात जराही कापला नाही — एकाहत्तराव्या वर्षी!

१२ ऑक्टोबर, बुधवार

आली परत. गचके खात, खोकत, थेट अंगणात.

पोपिंगा बाई घरोघर इंजेक्शनं द्यायच्या सकाळच्या फेरीत दोनदा रस्त्यात अडकल्या. त्यांचा पहिला पेशंट म्हणजे आमचा ओको — माझा चाळीस वर्षांचा मित्र. इन्सुलिन घेतल्याशिवाय त्याला खाता येत नाही. साडेदहापर्यंत उपाशी बसला होता, फोनवर हिल्केला नाही नाही ते बोलला. छान झालं. ओकोचं वजन तसंही वाढलंय.

मी स्टूल घेऊन बसलो, मांडीवर कप. हिल्केने कॉम्प्युटर लावला. तिसरा सिलिंडर. तिसऱ्या प्लगला वीज देणारी कॉइल पहिल्याला लावली, पहिल्याची तिसऱ्याला. बिघाड कॉइलबरोबर सरकला तर दोष कॉइलचा, जागेवरच राहिला तर दुसरं काही. बिघाड तिसऱ्यालाच. "वीस मिनिटं झाली," मी म्हणालो. तिने ओठ घट्ट मिटले. मग प्लगची अदलाबदल केली — बिघाड पहिल्याला गेला. म्हणजे प्लग!

प्लग उजेडात धरला आणि तिचा चेहरा उतरला. तिला रेघ दिसली. पण तिला तो तडा वाटला! पाना तिरका लागला की चिनीमातीला असाच केसासारखा तडा जातो. मी हे ठरवलं नव्हतं हं. हे बोनस.

"नवा प्लग आहे, पपा. असा कसा जाईल?"

"आपोआप नाही जात. पान्याने जातो. आणि पाना हातात असतो."

तिने प्लग कचऱ्यात टाकला, दुसरा बसवला. तिची पाठ वळल्यावर मी तो उचलून खिशात घातला.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

हिल्के स्वतःच आली. "तू जिंकलास. नको करूस सही."

मी म्हणालो, एकदा कुणाचाही हात चुकतो, ही खेप मोजणार नाही. बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं. केवढा मोठ्या मनाचा बाप!

खरं कारण वेगळं आहे. इतक्यात संपवायचं नाही मला.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

पाद्रीसाहेबांची गाडी. दुसरा प्लग. सहा मिनिटं — सराव होतोय.

१९ ऑक्टोबर, बुधवार

पाद्रीसाहेब गाडी परत घेऊन आले. नुसते समजूतदार हसले. तेच जास्त लागतं, मला माहीत आहे.

पुन्हा तोच "तडा". या खेपेला तिने प्लग टाकून दिला नाही, फडक्यात गुंडाळून ठेवला. मग मला हाक मारली. "पपा, माझा हात बघ ना. मी कसं लावते ते बघ."

माझ्या डोळ्यांसमोर तिने प्लग बसवला. आधी हाताने फिरवला. मग पाना — सरळ, सावकाश, ताण मोजून. माझ्या तेवीस वर्षांत इतका स्वच्छ हात दोघांचा नाहीतर तिघांचाच पाहिला असेल. पैकीच्या पैकी मार्क द्यावेत असा.

"थोडा तिरका पडतो," मी म्हणालो.

ती आपल्या हाताकडे बघत राहिली.

२१ ऑक्टोबर

प्रत्येक प्लग दोनदा काढून पुन्हा लावते. एका गाडीला अख्खी सकाळ. तीन गिऱ्हाइकं दुसऱ्या गावच्या गॅरेजला गेली. जेवायला बोलावलं तर म्हणाली, भूक नाही.

२४ ऑक्टोबर, सोमवार

"उद्यापासून माझ्यामागे उभा राहशील का, पपा? तू असलास की धीर येतो."

हेच तर हवं होतं मला! खिडकीजवळची माझी खुर्ची तिने पुसून जागेवर ठेवली. मी बसलो. बरं वाटलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

इथे थांबता आलं असतं. दुपारी ती बँकेत गेली तेव्हा सर्व्हिसिंग झालेली बेकरीची गाडी बाहेर उभी होती. चौथा प्लग. का केलं, सांगता येणार नाही. हात शिवशिवत होते.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

बेकरीची गाडी सकाळी परत आली. हिल्केने चौथा प्लग काढला, रडली नाही. म्हणाली, तीन वेळा माझाच हात? प्लगच खराब येत असतील, हा आणि फडक्यातला, दोन्ही परत पाठवते. पाठवण्याआधी त्यांवर क्लीनरचा फवारा मारून फडक्याने पुसले.

तडा पुसला जात नाही.

मी खुर्चीतून बघत होतो. पांढरा स्वच्छ प्लग तिच्या हातात. अंगठ्यावर काळी चमक. तिने अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या पेन्सिलीची कीर्ती तिने ऐकलेली आहे — परीक्षेत नापास झालेले अजून सांगत फिरतात.

मला वाटलं, आता ओरडेल. मी तयार होतो! उत्तरं जुळवून ठेवली होती.

ती येऊन माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली. माझे हात हातात घेतले. आणि लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाली, "पपा, तू परीक्षा घेत होतास का? ते सगळं अकरा वर्षांपूर्वी संपलं रे. हे लोक उमेदवार नाहीत. ही पोपिंगा बाईंची गाडी होती. आठवतंय का तुला?"

ही पोरगी मला वेडा समजते! डोकं फिरलंय समजते!

"चुकलंच माझं," म्हणाली. "माझं लक्षच नव्हतं तुझ्याकडे." आणि मग रडली — माझ्या गुडघ्यांवर डोकं ठेवून.

२९ ऑक्टोबर, शनिवार

ओको आला. बहिऱ्याशी बोलावं तसा मोठ्याने आणि हळूहळू बोलत होता. एरवी तीन कप चहा घेतल्याशिवाय उठत नाही. आज पहिल्याच कपात चमचा उभा ठेवला — आमच्याकडची 'आता पुरे'ची खूण.

"गुपचूप सांग लेका," म्हणाला, "मुद्दाम केलंस ना? मी तुला ओळखतो. तिलाही तेच म्हणालो."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, मुद्दाम केलं असेल तर तो माझा बाप नाही. गाव सोडून जाईन, मेल्यावरसुद्धा तोंड बघायला येणार नाही. पण आजारी असेल, तर मरेपर्यंत सांभाळीन. कधी नव्हे ते शांतपणे बोलली रे. ती करेल तसं."

सोमवारी डॉक्टरांकडे न्यायचं ठरलंय. ओकोने तेही सांगून टाकलं — आजारी ठरलास तर तुझी सही चालणार नाही, लायसन्स जाईल, सगळा कारभार तिच्या हाती.

मी आणि वेडा! डोळे मिटून सांगतो, कोणत्या इंजिनात कोणता सिलिंडर कोणानंतर पेटतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकांची नावं सांगतो. आणि ही वही तर आहेच! तारीख, वार, गाडी, कितवा प्लग, किती मिनिटं — सगळं चोख. ही वही डॉक्टरांपुढे ठेवली की माझं डोकं ठणठणीत आहे हे दोन मिनिटांत सिद्ध होईल.

मग ती हिल्केही वाचेल. "थोडा तिरका पडतो" हे वाचेल.

३० ऑक्टोबर

तिने माझ्या कोटाच्या आत कागद शिवलाय. माझं नाव, पत्ता, तिचा फोन. हरवलोच तर म्हणून. तो उसवायला कात्री घेतली आणि ठेवून दिली.

३१ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टरांनी विचारलं, "आज तारीख काय?" हिल्के शेजारी बसली होती, माझा हात धरून. मी थोडा वेळ आठवल्यासारखं केलं आणि मार्च महिना सांगितला.