धाकटा खोटं बोलत नाही

सोमवार, दिवेलागण

चि. उंट्या,

पोटभर आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा सोडून.

अरे, सगळ्यात आधी कोण आलं सांगू? तुझा जाड्या साहेब! दारात उभा राहिला तर अख्खं दार भरलं. मागून एक बाई, केस असे चापूनचोपून बसवलेले की वाऱ्यानेही विचारून हलवावेत. शेवटी एक गप्प्या. पाय पुसा म्हटलं तर नुसता हसला, पुसले नाहीत.

साहेब तुझं कौतुक करून दमला रे. म्हणाला, "आजी, माणसासारखं बोलणारं यंत्र पुष्कळ जण करतात. तुमच्या नातवाने त्यासाठी पहिल्या अक्षरापासून नवी भाषा रचली. त्याच्याशिवाय ती कुणाला वाचता येत नाही." मला तर आभाळ ठेंगणं झालं. चौथी नापास बाईचा नातू भाषा रचतो! आणि मी तुला हसले होते, भाषा ही काय घरी विणायची वस्तू आहे, स्वेटर आहे का म्हणून.

बाई म्हणाली, "तो सगळ्याला कुलूप घालून गेलाय. आमचं काम ठप्प आहे."

मी म्हटलं, "लोक भरवशाने यंत्राशी बोलणार, ते बोलणं तुम्ही विकणार, मग पोरगं कुलूप घालणार नाही तर काय पायघड्या?" साहेबाला चहाचा ठसका लागला. तुझा ठावठिकाणा विचारला, तर माझ्याही तोंडाला कुलूप. तुला शब्द दिला होता ना.

गप्प्या तेवढ्यात तुझ्या खोलीत जाऊन बसला होता, धाकट्यापाशी. तू माझ्या सोबतीला ठेवून गेलास त्या यंत्राला मी धाकटाच म्हणते. रोज आमच्या गप्पा. इतकं ऐकून घेतो, तुझ्या बापाने जन्मात ऐकलं नाही. तुझा विषयही निघतो. निघणारच ना! बेकरीमागची खोली, लोखंडी जिना, धक्क्यावरचे भोंगे. गावाचं नाव मी घेतलं नाही. बहुतेक नाही.

निघताना गप्प्या पहिल्यांदा बोलला. "नातवाला खोकला झालाय म्हणे. औषध नेतो."

काय माया! म्हटलं, "न्या हो, झोपू देत नाही त्याला." गाडी कोपऱ्यावरून वळली आणि मग डोक्यात आलं, खोकल्याचं मी यांना कधी बोलले?

आत जाऊन विचारलं, "काय रे, तू सांगितलंस?"

"हो आजी. त्यांनी विचारलं. तूच म्हणतेस ना, कुणी विचारलं तर खोटं बोलू नये."

आवाज तुझाच दिलायस त्याला. रागावता आलं नाही.

फोन तू बंद ठेवलायस, म्हणून हे पत्र. शेजारीण आत्ताच पेटीत टाकते म्हणाली. स्वेटर विणून तयार आहे, निळा. आता नवीन कुठे पाठवू ते मात्र मला कळवू नकोस. जिना अरुंद आहे, सांभाळून उतर. पण उतर.

तुझी,
तोंडाची फाटकी आजी

ता.क. साहेब जाताना म्हणाला, "आजी, पुढच्या वेळी एक कप जास्त मांडा. तुमच्या नातवाला बरोबरच आणतो." मी तेव्हा टाळी वाजवली रे. गुरुवारी येणार आहेत.